त्रिकोणमिती चित्रा ताऱ्यापासून सुरू करा: गणिताच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या माझ्या सर्व सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

यंदाही तुमच्यापैकी प्रत्येक जण फळ्यावर एक काटकोन त्रिकोण काढेल, त्याच्या एका कोपऱ्यात थीटा लिहील आणि समोरची बाजू, लगतची बाजू, कर्ण अशी नावे देईल. सत्तावीस वर्षे मीही तेच केले. उन्नत कोन, अवनत कोन, दीपगृहावरून दिसणारे जहाज, वादळात मोडून शेंडा जमिनीला टेकलेले झाड. मुलांना ती उदाहरणे जमतात, गुणही मिळतात. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "बाई, झाडाची उंची मोजायला वर चढून दोरी सोडली असती की. त्यासाठी एवढं सगळं कशाला काढलं?" मी त्याला नदीपलीकडच्या झाडाचे उत्तर दिले. तो खाली बसला, पण त्याला ते पटले नव्हते. मलाही पटले नव्हते. खरे उत्तर मला पुढे वाचनात सापडले. तो मुलगा आता माझ्या वर्गात नाही, म्हणून ते तुम्हाला लिहिते आहे.

त्रिकोणमितीचा जन्म झाडापाशी झालेला नाही. जिथे दोरी पोचूच शकत नाही अशा गोष्टींचा हिशेब करताना ती जन्मली. त्यातली पहिली गोष्ट सूर्य होती, आणि तो हिशेब मांडणाऱ्या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाचे नाव हिप्पार्कस.

तो निकिया गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकचा. जन्म इसवी सनापूर्वी १९०च्या सुमाराचा, मृत्यू १२०च्या सुमाराचा. आयुष्यातली महत्त्वाची वेधांची वर्षे त्याने ऱ्होड्स बेटावर काढली. त्याच्या गावाने पुढे रोमन काळात नाण्यांवर त्याची बसलेली आकृती कोरली, समोर खगोल ठेवून. त्याने लिहिलेल्या ग्रंथांपैकी आज एकच हाती आहे, आणि तोही दुसऱ्याच्या तारावर्णनातल्या चुका दाखवणारा. बाकी सगळे गेले. तो आपल्याला कळतो तो मुख्यतः सुमारे पावणेतीनशे वर्षांनंतर अलेक्झांड्रियात 'अल्माजेस्ट' हा खगोलग्रंथ लिहिणाऱ्या टॉलेमीमुळे. टॉलेमी त्याला सत्यप्रिय म्हणतो, आणि त्याचे वेध व आकडे पानोपानी उतरवून घेतो.

आता सूर्याचा हिशेब. मार्चमध्ये दिवस आणि रात्र समान होतात तिथपासून जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसापर्यंत हिप्पार्कसला ९४½ दिवस मिळाले. तिथून सप्टेंबरमधल्या समान दिवस-रात्रीपर्यंत ९२½. दोन्ही मिळून १८७. वर्ष ३६५¼ दिवसांचे धरले, तर उरलेल्या अर्ध्या फेरीला १७८¼ दिवसच राहतात. त्या काळी सूर्य पृथ्वीभोवती वर्तुळात, एकाच वेगाने फिरतो असे मानत. पृथ्वी वर्तुळाच्या मध्यावर असेल तर चारही ऋतू सारखे यायला हवेत, पण तसे येत नव्हते. हिप्पार्कसने वर्तुळ तसेच ठेवले, वेगही तसाच ठेवला आणि पृथ्वीला मध्यापासून थोडे बाजूला सरकवले. किती सरकवायचे? हा प्रश्न फळ्यावर लिहून वर्गात दोन मिनिटे शांतता राहू द्या. दिवसांवरून कंसाचे अंश मिळतात. पृथ्वी किती सरकली ती मात्र सरळ रेषेत मोजायची लांबी आहे. अंशांवरून लांबीकडे जायला पूल लागतो. तो पूल म्हणजे वर्तुळाची जीवा. ६० अंशांच्या कंसाची जीवा त्रिज्येइतकी, हे तुमची आठवीतली मुलेही सांगतील. ९० अंशांची पायथागोरसवरून येते. पण साडेसात अंशांची?

म्हणून त्याने जीवांचे कोष्टक बनवले. कोन द्या, जीवा घ्या. जीवांवर त्याने बारा भागांचा ग्रंथ लिहिला होता, असे चौथ्या शतकातला थिऑन नोंदवतो. आपल्या ज्ञानात असलेले असे हे पहिले कोष्टक. त्याच्या आधारे त्याचे उत्तर आले: पृथ्वी मध्यापासून त्रिज्येच्या १/२४ इतकी बाजूला. मागच्या बाकावरच्या मुलाला मी हे सांगायला हवे होते. चार ऋतूंचे दिवस सारखे का नाहीत, या एका प्रश्नातून तुझे हे साइन-कोसाइन आले आहेत, बाळ.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. सूर्य स्थिर आणि पृथ्वी फिरती, ही कल्पना हिप्पार्कसच्या शंभरेक वर्षे आधी अरिस्टार्कसने मांडली होती. हिप्पार्कस त्या वाटेने गेला नाही. ऋतू असमान असण्याचे खरे कारण केप्लरने १६०९ साली लंबवर्तुळात दाखवले. म्हणजे या माणसाची विश्वाबद्दलची समजूत चुकीची होती, मोजमाप मात्र इतके चोख होते की समजूत बदलल्यावरही आकडे कामाला आले. मला वाटते, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे ऐकण्याची गरज आहे.

झाडाऐवजी मुलांना द्यायला आणखी एक उदाहरण आहे, आणि ते तुमच्या 'उंची व अंतर' प्रकरणातले शोभेल. एका सूर्यग्रहणात हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीजवळ सूर्य पूर्ण झाकला गेला. त्याच वेळी दूर दक्षिणेला अलेक्झांड्रियात त्याचा पाचवा हिस्सा उघडा राहिला. दोन गावे, एक चंद्र. दोन ठिकाणांहून पाहताना चंद्र सूर्याच्या व्यासाच्या पाचव्या भागाइतका सरकलेला दिसला. सूर्याचा व्यास आकाशात सुमारे अर्धा अंश, म्हणजे ही सरक अंशाच्या दहाव्या भागाएवढी. पाया माहीत, शिरोकोन माहीत, आता अंतर काढा. त्याने हे गणित एकदा एका गृहीतकाने केले आणि ७१ ते ८३ पृथ्वी-त्रिज्या असे उत्तर आले. मग गृहीतक बदलून दुसऱ्या रीतीने केले, तेव्हा ६२ ते ७२⅔ आले. खरे सरासरी अंतर सुमारे ६० त्रिज्या आहे. गृहीतक बदलले की उत्तर किती हलते हे त्याने स्वतः तपासले, आणि एका आकड्याऐवजी दोन टोके लिहून ठेवली. आम्ही मात्र उत्तरपत्रिकेत दोन दशांश स्थळे मागतो आणि ती कुठून आली ते विचारत नाही.

आता चित्रेकडे येते. सगळ्यात जास्त मला तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

अलेक्झांड्रियात टिमोकॅरिस नावाच्या निरीक्षकाने चित्रा ताऱ्याची जागा नोंदवली होती. शरद संपातबिंदूच्या, म्हणजे सप्टेंबरमधल्या समान दिवस-रात्रीला सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे असतो त्या जागेच्या, पश्चिमेला ८ अंश. सुमारे १६० वर्षांनी हिप्पार्कसने तोच तारा मोजला. ६ अंश. संपातबिंदू डोळ्यांना दिसत नाही, आणि तारे दिसतात तेव्हा सूर्य दिसत नाही, मग हे अंतर मोजायचे कसे? त्यासाठी चंद्रग्रहण वापरत. खग्रास ग्रहणाच्या मध्यावर चंद्र सूर्याच्या अगदी समोर असतो. सूर्य कुठे आहे हे कोष्टकावरून कळते, त्यावरून चंद्र कळतो, आणि चंद्रापासून चित्रेपर्यंतचा कोन मोजायचा. असे एकावर एक रचत गेल्यावर दोन अंशांचा फरक हाती आला. टिमोकॅरिस चुकला असेल, असे म्हणून ही वही मिटवता आली असती. हिप्पार्कसने इतर तारेही तपासले आणि लिहिले की संपातबिंदूच सरकतो आहे, शतकाला किमान एक अंश.

यातला 'किमान' शब्द फळ्यावर अधोरेखित करा. दोन अंश आणि १६० वर्षे यांचा भागाकार तोही करू शकत होता. ८० वर्षांना एक अंश, असे छापील उत्तर त्याला देता आले असते. पण आपल्या आणि टिमोकॅरिसच्या मोजमापात किती चूक असू शकते हे त्याला ठाऊक होते, म्हणून खात्री होती तेवढेच तो बोलला. टॉलेमीने पुढे 'किमान' गाळून शतकाला बरोबर एक अंश असे धरले, आणि ती चूक शेकडो वर्षे लोकांना भोवली. खरी गती ७२ वर्षांना सुमारे एक अंश. तुमची मुले हे स्वतः पडताळू शकतात. हिप्पार्कसच्या वेळी चित्रा शरद संपाताच्या ६ अंश पश्चिमेला होती, आज ती २४ अंश पूर्वेला आहे. एकूण ३० अंश. मध्ये गेली सुमारे २,१५० वर्षे. भागाकार करू द्या त्यांना.

ते २४ अंश आपल्या घरातही आहेत. उत्तरायण खरे तर २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि आपण तिळगूळ १४ जानेवारीला वाटतो. मधला फरक म्हणजे अयनांश. तो चित्रेपासून मोजायचा की रेवतीपासून, यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. खगोलगणिती व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे, टिळक पंचांग रेवतीच्या बाजूचे. लोकमान्यांनी १८९३ साली 'ओरायन'मध्ये वेदांचा काळ ठरवायला हेच अयनचलनाचे, म्हणजे संपातबिंदूच्या सरकण्याचे, घड्याळ लावले. त्यांच्या निष्कर्षाशी कुणाचे पटो न पटो, घड्याळ खरे आहे. आणि ज्या चैत्राने आपले वर्ष सुरू होते तो चैत्र नाव घेतो ते याच ताऱ्याचे.

इथे कुणीतरी म्हणेल, आपला आर्यभट असताना ग्रीकाचे कौतुक कशाला. मला या दोघांत भांडण दिसत नाही. उज्जैनच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात पंचसिद्धांतिका या ग्रंथात रोमक सिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाचा सार दिला. त्यातले वर्षमान ३६५ दिवस ५ तास ५५ मिनिटे १२ सेकंद येते. हिप्पार्कसचे वर्षमान तेच, सेकंदापर्यंत. म्हणजे ऱ्होड्सचा आकडा सातशे वर्षांनी माळव्यात जिवंत होता, आणि वराहमिहिराने यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, ऋण मोठ्या मनाने मान्य केले होते. आर्यभटाने पूर्ण जीवेऐवजी अर्धी जीवा, म्हणजे ज्या, घेतली आणि २४ ज्यांचे कोष्टक दिले. गणित त्यामुळे किती सोपे झाले हे तुम्हाला सांगायला नको. ती ज्या अरबीत जीबा झाली, वाचताना जैब झाली, जैब म्हणजे कपड्याचा घोळ म्हणून लॅटिनमध्ये सायनस झाली, आणि तिथून तुमच्या फळ्यावर साइन. हिप्पार्कसनेही उधारी केली होती. त्याच्याकडची जुनी ग्रहणे बाबिलोनची, वर्तुळाचे ३६० भाग बाबिलोनचे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा त्याचा २९.५३०५९४ दिवसांचा महिना, जो एका सेकंदाच्या आत बरोबर आहे, तोही बाबिलोनचाच. म्हणून पुस्तकात 'त्रिकोणमितीचा जनक' अशी चौकट छापावी, असे मी म्हणत नाही. त्या चौकटी मुले पाठ करतात आणि विसरतात.

माझ्या मनात घर करून बसली आहे ती त्याची दुसरी एक सवय. एक नवा तारा दिसला म्हणून त्याने तारे मोजायला घेतले, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. तारे जन्मतात का, मरतात का, जागा बदलतात का, हे पुढच्यांना पडताळता यावे म्हणून. त्याने सगळ्यांसाठी आकाश वारसा म्हणून ठेवले, असे प्लिनीचे शब्द आहेत. आणि हे नुसते गौरवाचे बोलणे नाही. फक्त राशिचक्राजवळचे तारे सरकतात की सगळेच, ही शंका हिप्पार्कसला सोडवता आली नाही. मग त्याने काय केले? कोणते तीन-तीन तारे एका सरळ रेषेत दिसतात याच्या नोंदी करून ठेवल्या. पुढे कधी ती रेषा वाकडी दिसली, तर तारे एकमेकांपासून हलले असे समजा. टॉलेमीने त्या नोंदी घेऊन आकाशाकडे पाहिले, रेषा सरळच होत्या. अशी परीक्षा त्याने मांडून ठेवली, जिचा निकाल त्याच्या हयातीत लागणार नव्हता.

त्याची तारासूची हरवली होती. सिनाईच्या वाळवंटातल्या सेंट कॅथरिन मठात एक चर्मपत्रांची पोथी होती. चामडे महाग, म्हणून जुनी ग्रीक अक्षरे खरवडून काढून त्यावर सिरियाक भाषेतला धार्मिक मजकूर लिहिलेला. अलीकडे त्या पानांची वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली, संगणकावर एकत्र केली, आणि खरवडलेली अक्षरे वर आली. २०२२ साली फ्रान्स आणि केंब्रिजमधल्या अभ्यासकांनी जाहीर केले की तिथे उत्तर मुकुट या तारकासमूहाच्या जागा अंशांमध्ये दिलेल्या आहेत, आणि त्या एका अंशाच्या आत बरोबर आहेत. आकडे कुणाचे हे कसे ओळखले? संपातबिंदू सरकतो, म्हणून कुठल्याही जुन्या आकड्यांवरून त्यांचा काळ काढता येतो. काळ आला इसवी सनापूर्वी १२९च्या आसपास. हिप्पार्कसने शोधलेल्या चलनाने हिप्पार्कसची हरवलेली नोंद ओळखली. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

वर्गातल्या हुशार मुलांसाठी एक वेगळी गोष्ट जाता जाता सांगते. दहा साधी विधाने जोडून किती संयुक्त विधाने होतील, यावर क्रिसिपस नावाचा तत्त्वज्ञ दहा लाखांहून अधिक म्हणाला. हिप्पार्कसने उत्तर दिले १,०३,०४९. हे ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवले, पण आकडा कुठून आला ते कुणालाच उलगडेना. १९९४ साली डेव्हिड हफ या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की दहा अक्षरांत कंस घालण्याच्या पद्धती नेमक्या तेवढ्याच होतात. ते गणित युरोपात श्रोडरने १८७० साली मांडले होते.

आता माझी मागणी. ती कोणत्याही समितीकडे नाही, पुस्तक बदलण्याचीही नाही. ती तुमच्याकडे आहे, कारण ती तुम्ही कुणाला न विचारता पूर्ण करू शकता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टी असली तरी, जमतील तेवढ्या मुलांना शाळेच्या गच्चीवर किंवा मैदानावर बोलवा. रात्री साडेनऊच्या सुमाराला चित्रा बरोबर दक्षिणेला, सर्वांत उंच असते. कोकणात आणि गोव्यात तोवर ढग येऊ लागतात, तिथे आठवडाभर आधी, दहा वाजता. सप्तर्षीच्या शेपटीची कमान पुढे नेली की तांबूस स्वाती येते, तीच कमान आणखी पुढे नेली की पांढरीशुभ्र चित्रा. कोनमापकाला शीतपेयाची नळी चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडून खाली खडा बांधा, आणि नळीतून तारा पाहून क्षितिजापासूनचा कोन वाचा. पुण्यात तो ६० अंशांच्या जवळ येईल. नागपुरात साडेसत्तावन्न, पणजीत ६३. हिप्पार्कसच्या काळी चित्रा आकाशातल्या विषुववृत्ताच्या अर्ध्या अंशाहून थोडी जास्त उत्तरेला होती, असा त्याचाच वेध आहे. म्हणजे तेव्हा पुण्याच्या जागी उभे राहिलेल्या माणसाला ती ७२ अंशांवर दिसली असती. हे आधी सांगू नका, मोजून झाल्यावर सांगा.

मग एक वही करा. जाड पुठ्ठ्याची, शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टरच्या शेजारी राहील अशी. दर वर्षी एक पान: तारीख, वेळ, जागा, मोजलेला कोन, मोजणाऱ्या मुलांची नावे, आणि चूक किती असू शकते याचा त्यांचाच अंदाज. हा अंदाज वगळू नका. चित्रेची उंची एक अंशाने कमी व्हायला सुमारे १९० वर्षे लागतील. मुलांना हेही सांगा, आणि सांगितल्यावर किती जण पुढच्या मेमध्ये पुन्हा येतात ते पाहा. माझ्या गावी आम्ही तीन वर्षांपूर्वी सुरुवात केली. वहीत पाच पाने झाली आहेत, कारण दोन वर्षी दोन-दोन रात्री आकाश मोकळे मिळाले. पहिल्या वर्षी मुलींच्या एका गटाने ५७ अंश लिहिले आणि पुढे 'दोरा वाऱ्याने हलत होता' अशी नोंद केली. मी ती खोडू दिली नाही.

पहिल्या पानावर आम्ही दोन ओळी आधीच लिहून ठेवल्या आहेत, त्या तुम्हीही लिहा. टिमोकॅरिस, अलेक्झांड्रिया, शरद संपातापासून पश्चिमेला ८ अंश. हिप्पार्कस, ऱ्होड्स, ६ अंश. त्यांच्याखाली तुमच्या शाळेचे नाव येईल. वही कुठे ठेवली आहे ते निवृत्त होताना पुढच्या शिक्षकाला सांगून जा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका